बांधलेल्यांनी हात वर करावेत

आमच्या थोरल्याला कधीही फोन करा, तो म्हणतो, "आई, मी टाइड अप आहे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "कुणी बांधलं रे तुला?" सुनेने समजूत घातली, "अहो आई, म्हणजे ते कामात आहेत." पुढे कळलं की तो नियमांनी बाउंड आहे, कर्जाने लॉक आहे आणि वरच्या कमिटीपुढे त्याचे हँड्स टाइड आहेत. इतक्या ठिकाणी बांधलेल्या माणसाचं पोट दरवर्षी सुटतं तरी कसं?

तर हे बांधलेले चिरंजीव एका मोठ्या रुग्णालयाचे व्यवस्थापक आहेत. आमच्या ह्यांच्या छातीत कफ झाला तेव्हा आपल्याच लेकाचा दवाखाना म्हणून तिथेच नेलं.

ह्यांनी जन्मभर शिवणकाम केलं. तापाच्या ग्लानीत डोळे बारीक करून, चिमूट धरून हवेतच सुईत दोरा ओवत होते. नर्सबाईंनी कागदावर लिहिलं, 'रुग्ण सलाइन उपटण्याच्या तयारीत.' सकाळी जाऊन बघते तर दोन्ही मनगटं पट्ट्यांनी कॉटच्या दांड्याला आवळलेली.

"अगं, माणसाला बांधलंस काय?"

"बांधलेलं नाही, आजी. हे रिस्ट्रेंट आहे."

"मग सोड की."

"सोडू कसं? बांधलंय ना!"

हात बांधलेले, म्हणून ह्यांना जेवता येईना. जेवत नाहीत, म्हणून नाकात नळी आली. नाकात नळी आली, म्हणून पट्ट्या आणखी आवळल्या. तेव्हा ह्यांनी ठेवणीतल्या दोन शिव्या दिल्या, म्हणून झोपेचं इंजेक्शन मिळालं. मग कागदावर लिहिलं गेलं, 'रुग्ण आता सहकार्य करतो.'

डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "पॉलिसी आहे, आजी. आमचे हात बांधलेले आहेत." हे बोलताना एका हाताने ते कान कोरत होते.

शेवटी लेकाच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "बापाचे हात काळेनिळे पडलेत. उद्या कामातून गेले तर सुई धरायची कशी त्याने? सोड त्याला."

"आई, मी बाबांना सोडलं तर लोक म्हणतील, वशिला लावला."

"मग वशिल्याने नको, माणुसकीने सोड."

"ते तर कुठल्याच नियमात बसत नाही गं."

वर त्याने आनंदाची बातमी दिली. दुसऱ्या दिवशी तपासणी होती, 'बंधनमुक्त रुग्णालय' असं मानाचं प्रमाणपत्र मिळणार होतं. तयारी जोरात सुरू होती. पट्ट्या काढायला वेळ नव्हता, म्हणून त्यांचं नाव बदलून 'केअर सपोर्ट' ठेवलं आणि वरून निळं मऊ कापड चढवलं. ह्यांना शुद्ध असती तर शिलाई बघूनच पुन्हा ताप भरला असता.

तपासणीची मंडळी आली. थोरल्याच्या गळ्यात टाय होता. मुख्य साहेब वॉर्डाच्या मधोमध उभे राहिले आणि मोठ्या न्यायबुद्धीने म्हणाले, "इथे कुणाला बांधून ठेवलेलं असेल, तर त्यांनी निर्भयपणे हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. खिडकीजवळच्या कॉटवर एक बोट जरासं हललं, पण साहेबांनी हात मागितला होता, बोट नव्हे.

मी माझे दोन्ही हात वर केले.

"आजी, नातेवाइकांचे हात मोजत नाहीत," साहेब समजुतीने म्हणाले.

कॉटीकॉटीशी नातेवाईक उभे होते. चांगले शिकलेले, धडधाकट लोक. कुणी मोबाइल बघत होतं, कुणी छताचा पंखा. साहेबांनी प्रमाणपत्र दिलं आणि काय सांगू, टाळ्या वाजवायला सगळ्यांचे हात मोकळे निघाले!

मी ह्यांच्या कॉटपाशी गेले आणि पट्ट्या ओढल्या. गाठ काही मोठी अवघड नव्हती. बांधायला कमिटी लागली, सोडवायला दोन बोटं पुरली. ह्यांनी डोळे किलकिले केले, हात सावकाश वर आणला आणि नाक खाजवलं. कधीपासून खाजत होतं, देव जाणे.

टाळ्या थांबल्या. थोरला धावत आला. "आई, बांध परत! साहेब बघतायत. तुला कळत कसं नाही, माझे हात बांधलेले आहेत!"

मी त्याचे हात बघितले. छातीशी, प्रमाणपत्रावर एकमेकांना घट्ट चिकटलेले. तिथे उभ्या असलेल्या शहाण्यासुरत्यांनाही ऐकू जावं, अशा आवाजात मी म्हणाले,

"बांधलेले तुझ्या बापाचे होते, बाळा. तुझे जोडलेले आहेत. बांधलेले हात म्हातारी बाईसुद्धा सोडवते. जोडलेले ज्याचे त्यालाच सोडावे लागतात."