शिवेवरचा अणू

अणूचा बंदोबस्त कसा करावा, हे दुनियेला दाखवून देणारा पहिला माणूस मारेगावकडचा निघेल असं कोणाला वाटलं असतं? पण निघाला! आणि तो मी!

बासष्ट साल. सप्ताहाच्या शेवटच्या रात्री आमच्या देवळात उकंडाबुवांचं कीर्तन रंगलं होतं. बुवांचा गळा म्हणजे ताज्या काकवीची धार! तेवढ्यात डोंगरात अणूचे दगड शोधणारे सरकारी साहेब खांद्यावरच्या यंत्रासकट दर्शनाला आले. देवापुढे वाकले, आणि यंत्र कढईतल्या लाह्यांसारखं तडतडू लागलं!

"अणू!" मी ओरडलो. "देवाच्या पायाखाली अणू!"

"थांबा हो, सकाळी नीट पाहून सांगतो," साहेब म्हणाले.

मी कसला थांबतो! पंचायतीच्या रेडिओवर ऐकलं होतं की, एका देशाचा अणूचा कचरा दुसऱ्याच्या अंगणात पडू नये म्हणून व्हिएन्नात सगळे देश नियम करायला बसलेत. मी तिथंच, बुवांच्या शेजारी उभं राहून नियम केला: देवळातली वस्तू शिवेबाहेर जाणार नाही. अंगाऱ्याची चिमूटसुद्धा नाही!

सकाळी शेजारच्या गावचे नागोराव काठीवाले घेऊन शिवेवर हजर.

"बबनभाऊ, तुमच्या देवळातलं काही आमच्या हद्दीत नाही पायजे!"

"आम्हीच नाही देत!"

"मंग हे बुवा कायले पाठवले?"

पाहतो तर उकंडाबुवा नागोरावांकडेच फराळाला निघालेले. मुक्काम देवळात, म्हणजे नियमानं तेही देवळातलेच! मी हात आडवा केला.

"बुवा, तुम्हाले जाता येत नाही."

"मी काय वस्तू हाय का बाप्पा?" बुवा कडाडले. "आजचा काला दुसऱ्याकडून करून घ्या! मी चाललो!"

दहीकाल्याच्या कीर्तनाशिवाय सप्ताह पुरा कसा व्हायचा? देवाला तोंड कसं दाखवायचं?

तेवढ्यात साहेब आले, हसून हसून लाल झालेले. हातात गजराचं घड्याळ. बुवांना वेळ दिसावी म्हणून मीच देवाशेजारी ठेवलेलं, विलायती!

"हा तुमचा अणू. आकड्यांवर रेडियम लावलंय, अंधारात चमकायला. उघडू नका म्हणजे झालं."

दोन्ही गावं खो खो हसली.

"पण नियम तर बरोबर होता ना, साहेब?"

"नियम झकास! फक्त आधी मोजायचं, मग ओरडायचं."

आता बुवाही हसले. "दोन्हीकडची वाट अडवली ना तुम्ही? मंग काला इथंच!"

आणि झाला! शिवेच्या दगडावर बुवा उभे, अलीकडे आम्ही, पलीकडे ते. नागोरावांनी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात काला घातला. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटली. व्हिएन्नावाले अजून बसलेच होते, आणि आमची दोन गावं एका पंगतीत!

मग कोणीतरी विचारलं, "घड्याळाचं काय करायचं?"

"आमच्या हद्दीत नाही!" नागोराव.

"देवळात नाही!" गावकरी.

"घरात तर नाहीच नाही! आणता काहून?" ही माझी बायको मैनाबाई.

तेव्हापासून अणूच्या बंदोबस्ताचा हा जाणकार, म्हणजे मी, घड्याळ घेऊन गोठ्यात झोपतो. बैल तेवढे दावं ताणून पलीकडे सरकतात.