बिरड्याची चिमटी

ज्या कुणी वर बसून हा कागद काढला, त्यानं उभ्या जन्मात एकदाही वालाचं बिरडं सोललेलं नाही. आयतं ताटात आलं, ओरपलं, ढेकर दिला आणि सही ठोकली. नाहीतर 'आपल्या केंद्रातील सतराही बालकांच्या बोटांची सूक्ष्म कौशल्ये शून्य आहेत' हे लिहायला त्याची स्वतःची बोटं धजावलीच नसती.

इंदूबाईंनी तो कागद तिसऱ्यांदा वाचला आणि तिसऱ्यांदा शिवी गिळली. लोधिवलीच्या अलीकडं, जुन्या हायवेला चिकटलेल्या वाडीत तेवीस वर्षं अंगणवाडी चालवणारी ही बाई. शून्य तिला झोंबलंच, पण खरी कळ शेवटच्या ओळीत होती. पंधरा दिवसांत प्रगती न दिसल्यास हे केंद्र शेजारच्या केंद्रात विलीन करण्यात येईल. शेजारचं केंद्र म्हणजे हायवेच्या पलीकडचं. म्हणजे तीन-चार वर्षांच्या पोरांनी कंटेनर आणि डंपर चुकवत गाणी शिकायला जायचं.

"शून्य आलं कुठनं गं?" मदतनीस सोनुबाईनं विचारलं.

"त्या खोक्यातनं," इंदूबाई कपाटाकडं बोट दाखवत म्हणाल्या.

खोकं दिवाळीच्या आधी टेंपोतून आलं होतं. वर रंगीत मणी, दोऱ्या आणि प्लास्टिकच्या नटबोल्टांचं चित्र. सोबत पत्र : वरून आदेश येईपर्यंत सील तोडू नये. आदेश काही आला नाही. मोबाइलवर मात्र दर महिन्याला प्रश्न यायचा, 'संचाचा वापर केला का?' इंदूबाईंना खरं बोलायची खोड. त्या 'नाही' दाबायच्या आणि मोबाइल सतरा पोरांच्या नावापुढं सतरा भोपळे मांडायचा.

चित्र बघून पोरं खोक्यावर तुटून पडायची. सील तुटलं तर नोटीस आपल्याला येणार, म्हणून इंदूबाईंनी रोजच्या प्रार्थनेत एक ओळ वाढवली. हात जोडून सतरा पोरं एका सुरात म्हणायची, "खोक्याला हात लावायचा नाय!"

पण पोरांची बोटं काय आदेशाची वाट बघत बसत नाहीत. जागृती चार वर्षांची झाली तरी तिला फ्रॉकचं बटण लागत नव्हतं. खडू धरायची तो मुठीत, कोयता धरल्यासारखा. इंदूबाईंनी घरून कडवे वाल आणले. भिजवले, फडक्यात बांधून मोड काढले, कोमट पाण्यात टाकले आणि परात पोरांच्या मधे ठेवली.

"अंगठा आन् पयलं बोट. हळू दाबायचं. जास्त दाबलं तर डाळ फुटते, कमी दाबलं तर साल सुटत नाय. कळलं?"

पहिल्या दिवशी जागृतीनं अकरा वाल दाबले. त्यातले नऊ समोरच्या हिरूच्या तोंडावर उडाले, एक सोनुबाईच्या चहात पडला, एक तिनं कच्चाच खाल्ला. पण पंधरा दिवसांत डाळ तिच्या चिमटीतून साबणासारखी सुळकन निसटायला लागली. पुढं बकुळीची फुलं आली. ती खराट्याच्या हिरात ओवायची. मग फ्रॉकचं बटण लागलं. मग दुसऱ्याच्या फ्रॉकचं निघालं. मग बाटल्यांची बुचं, डब्यांची झाकणं, दाराची कडी, सोनुबाईच्या मंगळसूत्राचा फासा. होळीपर्यंत अख्ख्या अंगणवाडीत बंद राहिलेली एकच वस्तू उरली. खोकं.

"वाल सोलतात त्याचाच फोटो पाठव की वरती," शून्याचा कागद बघून सोनुबाई म्हणाली. "दिसंल त्यांना, पोरांची बोटं कशी चालत्यात ती."

इंदूबाईंनी फोटो पाठवला. परातीभोवती सतरा पोरं, प्रत्येकाच्या चिमटीत एकेक वाल. दोन दिवसांनी दुसरा कागद आला. बालकांकडून स्वयंपाकाची कामे करवून घेतल्याबद्दल तात्काळ खुलासा करावा. चौकशीस अधिकारी येत आहेत.

"तरी मी सांगत व्हते, फोटो नको," सोनुबाई म्हणाली.

अधिकारी आले ते योगेंद्र साहेब. पांढरी जीप, ड्रायव्हर धोंडी, बगलेत फाईल. जीप चिंचेखाली लागली. धोंडी "पाणी पिऊन येतो" म्हणून गेला तो देवळाच्या ओट्यावर आडवाच झाला.

"काय हो बाई, केटरिंग चालवता का इथं?" साहेबांनी दारातूनच सुरुवात केली.

"नाय साहेब. बोटं चालवते."

"ते आम्ही ठरवू. संच कुठंय? आज माझ्यासमोर सील तुटेल. चाचणी आत्ताच."

इंदूबाईंना बरं वाटलं. होऊन जाऊ दे एकदाचं. साहेबांनी खोकं मांडीवर घेतलं आणि चिकटपट्टीचं टोक शोधायला लागले. खोकं उलटं केलं, सुलटं केलं. नखं लावली. किल्ली लावली. शेवटी दात लावले. सतरा पोरं श्वास रोखून बघत होती.

"टोक तिकडं हाय," जागृती लांबूनच म्हणाली. "खालच्या बाजूला."

"मग काढ की तू!"

"नाय. हात लावायचा नाय त्याला."

खोकं फुटलं. साहेबांनी मणी, दोऱ्या, नटबोल्ट चटईवर ओतले. "चला, ओवा मणी. फिरवा बोल्ट. पटापट!"

सतरा पोरांनी चौतीस हात पाठीमागं नेले.

"अरं लावा हात! आता चालतंय!" इंदूबाई कळवळून म्हणाल्या.

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. चार महिने घोकलेली गोष्ट अशी एका मिनिटात कोण सोडील? जागृती मान हलवत म्हणाली, "बाई, तुमी आमाला फसवताय." आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणून दाखवलं, "खोक्याला हात लावायचा नाय!"

"साहेब, तुमच्याच पत्रानं..." इंदूबाई सांगायला गेल्या.

"कारणं नकोत. मुलांना बाहेर पाठवा. मला लिहायचंय."

पोरं बाहेर गेली, सोनुबाई खिचडीच्या पातेल्याकडं धावली. साहेब अर्धा तास लिहीत बसले, वाचून दाखवत, चवीचवीनं : "एक. झाकण फिरवून उघडणे, एकाही बालकास जमत नाही. दोन. लहान वस्तू चिमटीत धरणे, जमत नाही. तीन. बारीक छिद्रात टोक अचूक घालणे, जमत नाही. निष्कर्ष : कौशल्य आढळले नाही. केंद्र विलीन करावे." खाली सही, सहीवर शिक्का. एक प्रत इंदूबाईंच्या हातात.

इंदूबाईंच्या डोळ्यांपुढं हायवे आला. डंपरचा हॉर्न आला. रस्त्याच्या कडेला जागृतीचा हात धरून उभं राहायला तिथं कोण असणार?

तेवढ्यात बाहेरून धोंडीची आरोळी आली. "साहेब! ओ साहेब! आपली जीप बसली!"

"बसली म्हणजे?"

"म्हशीवानी बसली! चारी चाकं!"

सगळे बाहेर धावले. जीप खरंच चिंचेखाली टेकली होती. धोंडीनं कपाळाला हात लावला. "एक स्टेपनी हाय माज्याकडं. बाकीची तीन आता चौक गावातनं आणू का कुठनं? घोरत व्हतो जरासा, तेवढ्यात..."

"कोणी केलं हे? कोणी?" साहेबांचा आवाज फाटला.

जागृती पुढं झाली. एका हातात खराट्याचा हीर. दुसऱ्या हाताची मूठ उघडून तिनं दाखवली. आत चार काळी टोपणं, टायरच्या व्हॉल्ववरची. "मी दोन. हिरूनं दोन. आदी टोपी फिरवायची. मंग हीर आत घालायचा. हळू दाबायचं. लय छान वाजतंय, फुस्स!"

"सरकारी वाहन!" साहेब लालबुंद झाले. "आत्ता लिहितो. नुकसान, बेशिस्त, सगळं लिहितो. ह्या मुलांनी..."

"थांबा," इंदूबाई म्हणाल्या. असा आवाज त्यांनी तेवीस वर्षांत साहेबलोकांपुढं काढला नव्हता. "काय लिवणार? ह्या पोरांनी?"

"मग काय भुतांनी?"

इंदूबाईंनी पदर खोचला आणि हातातली प्रत वर धरली. "एक. झाकण फिरवून उघडणे, जमत नाही. मंग ही टोपणं कुणी फिरवली? दोन. चिमटीत धरणे, जमत नाही. तर ही वाटाण्याएवढी टोपणं तिच्या मुठीत आली कशी? तीन. बारीक छिद्रात टोक घालणे. धोंडीदादा, व्हॉल्वचं भोक केवढं असतं हो?"

"लय बारीक," धोंडी बोलून गेला आणि साहेबांची नजर बघून चिंचेच्या मागं सरकला.

"बाई, तो कागद द्या इकडं."

"नाय मिळायचा. तुमची सही हाय, शिक्का हाय. फाडायला बगाल तर सतरा पोरं हायत इथं, आन् आता त्यांच्या चिमटीतनं काय सुटत नाय."

सोनुबाई खिचडीचा डाव हातात घेऊन दारात आली. पोरं जीपभोवती गोल उभी राहिली. कुणी हसत नव्हतं. हायवेवरून एक कंटेनर भोंगा वाजवत गेला आणि जमीन थरथरली.

"तो ऐकला का साहेब?" इंदूबाई म्हणाल्या. "तिकडून पलीकडं धाडणार तुमी ह्यांना, बोटं अधू म्हणून. बरं. तर दोनच वाटा उरल्या. बोटं अधू असतील तर जीपला ह्यांनी हात लावला नाय. आन् जीपला लावला असंल तर हा कागद खोटा. पेन काडा, आन् हितंच माज्यापुढं लिवा."

साहेबांनी पेन काढलं. कागदावर टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं.

"बोला ना साहेब. हवा कुणी सोडली?"