सातव्या नमुन्याचा तवा

"सातव्या क्रमांकाचा नमुना सगळ्यांत वाईट आहे," हे लॅपटॉपवर वाचून शास्त्रज्ञबुवांनी आधी त्या सातव्या माणसाची कीव केली. मग त्यांना आठवलं, सातवे आपणच.

पाणी, तेल, डाग कशालाच दाद न देणारी काही रसायनं असतात. ती एकदा अंगात शिरली की जावयासारखी मुक्काम ठोकतात, निघायचं नाव घेत नाहीत. त्यांचा माग काढायला काही देशांच्या प्रयोगशाळा एकत्र आल्या होत्या आणि सुरुवात संशोधकांच्या स्वतःच्याच रक्तापासून करायची ठरली होती. बुवांनी हात मोठ्या खुशीत पुढे केला होता. त्यांनी घरातून नॉनस्टिक तवा, डाग न पडणारा सोफा आणि सगळ्यांचे रेनकोट कधीच हद्दपार केले होते. घरची मंडळी पावसात भिजत येत आणि बुवा परिषदांमधून ते अभिमानाने सांगत. म्हणूनच प्रकल्पाच्या पुस्तिकेतलं 'घर कसं निर्धोक ठेवावं' हे प्रकरण त्यांच्याकडे आलं होतं. आता अध्यक्षबाईंचा निरोप होता: शुक्रवारच्या बैठकीत कारण सांगा, नाहीतर प्रकरण दुसऱ्याला देऊ.

"घरात कोणीतरी फितूर आहे," बुवांनी जाहीर केलं आणि झडती सुरू केली.

कपाटावरच्या सुटकेसमध्ये एक नॉनस्टिक तवा निघाला. अजून कोमट होता.

"अगं, हे काय?"

"तवा," बायको म्हणाली.

"तो मला दिसतोय! कधीपासून आहे हा?"

"तुम्ही बंदी घातलीत ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"अरे, तिच्यावर कशाला ओरडतोस?" आई मध्ये पडली. "मीच आणायला सांगितला. तुझं ते करपलेलं ऑम्लेट माझ्या दातांना झेपत नाही."

"म्हणजे तुम्ही दोघी रोज..."

"मऊ खातो. तुझं मात्र अगदी नियमाने लोखंडी तव्यावर. चिकटतं, मग खरवडून वाढते ती. तुझ्या तत्त्वाला कुणी हात लावलेला नाही हो."

बुवांना राग यायला हवा होता, पण आनंदच झाला. गुन्हेगार सापडला होता! त्यांनी तवा पिशवीत घातला आणि शुक्रवारचं भाषणही मनात जुळवलं.

"पण काय हो," बायको म्हणाली, "या तव्यावरचं तुम्ही कधी खाल्लंच नाहीत. मग रक्त तुमचं कसं बिघडलं?"

प्रश्न शास्त्रीय होता, त्यामुळे टाळता येईना. बुवांनी दोघींचं रक्त तपासायला घेतलं. 'तुमचं बघा काय झालंय ते,' असं म्हणायची तयारी करूनच ते शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत गेले आणि तोंड पाडून परत आले.

"दोघींचंही ठीक आहे," ते पुटपुटले. "माझ्या मानाने अगदीच कमी."

"बघ!" आई म्हणाली. "मऊ खाल्ल्याने काही होत नाही."

"म्हणजे आम्ही खात नाही आणि तुम्ही खाता, असं काहीतरी असणार," बायको सावकाश म्हणाली आणि तिची नजर बुवांच्या बॅगेवर गेली.

बुवांचे कान लाल झाले. प्रयोगशाळेच्या फाटकासमोर तळलेल्या कोंबडीचं दुकान होतं. रोज संध्याकाळी बुवा तिथून एक गुळगुळीत कागदी डबा घेत, बागेतल्या बाकावर बसून फस्त करत आणि रिकामा डबा बॅगेत लपवत. त्या डब्यातून तेलाचा थेंब बाहेर येत नसे. म्हणून तर बॅगेला कधी डाग पडला नाही आणि चोरी इतकी वर्षं पचली. तेल बाहेर न येण्यामागे तीच रसायनं असतात, यावर बुवांचा स्वतःचा एक निबंध होता. पण तो दुसऱ्या देशातल्या डब्यांवर होता.

बायकोने बॅग उघडली.

"हे काय?"

"डबा."

"तो मला दिसतोय. कधीपासून?"

"तू ऑम्लेट लोखंडी तव्यावर करायला लागलीस ना," बुवा जमिनीकडे बघत म्हणाले, "त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. बायको हसली नाही.

संध्याकाळी बैठक सुरू झाली. पडद्यावर देशोदेशीचे गंभीर चेहरे जमले. 'तवा सापडला' एवढं म्हटलं की सुटका होती, प्रकरणही वाचणार होतं. पण कॅमेऱ्याच्या जरा पलीकडे बायको बसली होती आणि तवा तिच्या मांडीवर होता. बुवांनी डब्याची सगळी हकीकत सांगून टाकली.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका संशोधकाने हळूच कसलासा डबा टेबलाखाली सरकवला.

"प्रकरण तुमच्याकडेच राहू द्या," अध्यक्षबाई अखेर म्हणाल्या. "मात्र छापण्याआधी तुमच्या पत्नीकडून तपासून घ्या. आणि एक सांगा, इतक्या कडक नियमांच्या घरातला माणूस रोज बाहेर का खातो?"

बुवांनी तिरक्या नजरेने बायकोकडे पाहिलं. मग तव्याकडे पाहिलं.

"यावर," ते म्हणाले, "अधिक संशोधनाची गरज आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ताटलीत ऑम्लेट आलं, अखंड आणि मऊ. ते कोणत्या तव्यावरचं, हे बुवांनी विचारलं नाही.