हवेला दिलेली नाममात्र ताकद

कोणतीही रचना दोन गोष्टींची बनलेली असते: जे आहे ते आणि जे नाही ते. पैकी दुसऱ्या गोष्टीचं कंत्राटदाराकडून बिल येत नसल्यामुळे आमचा संगणकीय विभाग तिच्याकडे पहिल्यापासून आदराने पाहत आला आहे.

पूर्वी पुलाचं गणित करायचं तर त्याच्या प्रत्येक वळणाला आणि कोपऱ्याला बेतून लहान तुकड्यांची जाळी आखावी लागे. त्यात माणसं म्हातारी होत. (त्यातले एक आमचे साहेब.) नव्या पद्धतीत अख्खा पूल एका चौकोनी खोक्यात ठेवतात आणि खोक्याचे सारखे चौकोन पाडतात. चौकोनात लोखंड आलं तर लोखंड, नाही तर हवा. मात्र हवेला शून्य ताकद दिली की गणित अडून बसतं, म्हणून तिलाही अगदी नाममात्र ताकद देतात. कार्यालय चालावं म्हणून बिनकामाच्या माणसालाही खुर्ची द्यावी लागते, तसंच हे.

इस्पितळाच्या दोन इमारती तिसऱ्या मजल्यावर जोडणारा पूल आमच्याकडे आला. गणित माझ्या भाचीने केलं. (ती गुणवत्तेवर लागली; मी निवड समितीत होतो, हा योगायोग.) कमीत कमी लोखंडात पूल उभा कर, असं तिने संगणकाला सांगितलं. त्याने तुळया बारीक केल्या, मग खालचे तिरपे आधार गाळले. पूल तरी वाकेना. लोखंडात सत्तर टक्के बचत. साहेबांनी स्वतःच्या खर्चाने सर्वांना चहा पाजला, यावरून यशाची कल्पना यावी.

पूल बांधून झाला. आमच्याकडे जुनी रीत आहे: पुलावर पहिल्यांदा भार चढवतात तेव्हा गणित करणाऱ्याने मधोमध उभं राहायचं. त्याच्या आदल्या दिवशी भाची माझ्या टेबलाशी आली. चेहरा पांढराफटक.

"मामा, हवेच्या आकड्यात दशांशानंतरची शून्यं द्यायची राहिली. हवा लाकडाएवढी मजबूत धरली गेलीय. अर्धा भार तीच पेलतेय."

"साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, अहवाल वर गेलाय, आता हवा बदलता येणार नाही." ती खुर्चीत बसली. "मला नाही उभं राहायचं त्यावर. भीती वाटतेय."

पोरीला काही झालं तर बहिणीला कोणतं तोंड दाखवू? मी तडक साहेबांकडे गेलो. साहेबांनाही लेकीबाळी आहेत. त्यांनी प्रकरणाचं गांभीर्य ओळखून तासाभरात ती रीतच रद्द केली. (कारण: अशास्त्रीय.) भाची रडली, मग हसली. बहिणीने फोन करून साहेबांना दीर्घायुष्य चिंतिलं. दुसऱ्या दिवशी पूल जनतेसाठी खुला झाला.

वाचकहो, लगेच संतापू नका. कुठल्या इस्पितळातला पूल, असं आता विचाराल. परवा आजारी नातेवाइकाला भेटायला गेलात तेव्हा विचारलं नव्हतंत. एका हातात फळांची पिशवी, दुसऱ्यात फोन, खाली न पाहता पलीकडे गेलात. तुमच्या त्या भरवशाइतकीच ताकद आम्ही हवेला दिली होती, आणि पोचलात ना?

माझी भाची जिन्याने जाते.