दुर्गाताई हजर आहेत

माणूस जातो एका दिवशी आणि कचेरीला कळतं दुसऱ्याच दिवशी. दोन्ही तारखा खऱ्या मानाव्यात, म्हणजे कामकाज सुरळीत चालतं.

माझी पत्नी दुर्गा गेली, ते आमच्या श्रीवर्धनच्या आळीत तासाभरात सगळ्यांना कळलं. सुपारी संघाच्या म्हसळ्याच्या कचेरीला मात्र ते मी माणगावला निघालो त्या दिवशी कळलं. यात कचेरीचा दोष नाही. तिथली व्यवस्था फार उत्तम आहे.

दुर्गा संघाचा पत्रव्यवहार घरी बसून सांभाळायची. घरून काम करणारी माणसं वेळेवर उठत नाहीत, हे लक्षात आल्यावर संघाने माणसांचा नाद सोडला आणि संगणकांना उठवायला घेतलं. सकाळी नऊला कचेरीतला कुलदीप एक कळ दाबतो. त्याची हाक इंटरनेटवरून घरोघर जाते आणि बंद संगणक आपोआप सुरू होतात; संध्याकाळी तसेच बंदही होतात. ज्याचा संगणक उठला तो हजर. पहिल्याच महिन्यात हजेरी शंभर टक्के झाली (माणसं पूर्वीच्याच वेळेला उठतात). अट एकच. भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही, कारण वीज तोडलेल्या संगणकाला हाक पोचत नाही. दुर्गाने बटणाशेजारी कागद चिकटवला होता: ‘हे बंद करू नये.’ मी केलं नाही.

तिचं तेरावं झाल्यावर मी कुलदीपला फोन केला.

“दुर्गा गेली रे.”

“कुठे?”

“वारली.”

तो समोरचा पडदा बघत असावा. “काहीतरीच काय काका. ताई उठल्यात की. हिरवा दिवा दिसतोय मला.”

मी वाद घातला नाही. त्याच्याकडे दिवा होता, माझ्याकडे नुसता मृत्यूचा दाखला. महिनाअखेरीस नियमितपणाबद्दल तिच्या अभिनंदनाचं पत्र आलं (ती असताना कधी आलं नव्हतं).

मग एकदा सकाळी आठलाच मुलीकडे, माणगावला निघालो. घराबाहेर पडताना गॅस, नळ, बटणं बंद करायची ही दुर्गाचीच शिस्त. हातासरशी तेही बटण बंद झालं. एसटी म्हसळ्याला पोचते तोच फोन वाजला. कुलदीप रडत होता.

“काका, ताईंना काय झालं हो? उठतच नाहीत.”

त्याची समजूत मलाच घालावी लागली.

संघाने शोकसभा घेतली. आता दुर्गाचं नाव कमी करायचं, तर आधी तिच्या संगणकातली पत्रं कचेरीत ओढून घ्यायला हवीत आणि त्यासाठी तो उठायला हवा. तेव्हा बटण पुन्हा चालू करा, काम झालं की कळवतो, असं मला सांगण्यात आलं. मी चालू केलं. काम लांबलं. मी घाई केली नाही.

पूर्वी मला दुर्गा उठवायची. “अहो, चहा निवतोय,” एवढंच म्हणायची. आता नऊला तिच्या खोलीत संगणकाचा पंखा घरघरतो, पडद्यावर तिचं नाव येतं आणि मी उठतो. चहा मीच करतो.

तुम्ही कुलदीपला हसाल. पण गावाकडे तुमची आई असेल, तर तुम्हीही मोबाइलवर ती ऑनलाइन दिसते का तेवढं बघता आणि बरी आहे म्हणून मोबाइल खिशात ठेवता.

काल कुलदीपने कळवलं, पत्रं मिळाली, आता बटण बंद करा. ते करायचं राहिलं आहे.