धुरपदाबाईची फणी

एका जंगलात, मुलांनो, आभाळ फार खाली होतं. किती खाली? तर माकडं त्यावर धुणं वाळत घालायची आणि पाहुणे आले की आपल्या पिशव्या त्यालाच अडकवायचे. घरात खुंटी ठोकायची पद्धतच नव्हती.

आपल्याकडे आनंद झाला की आभाळ ठेंगणं होतं. तिथे ते मुळातच ठेंगणं. त्यामुळे कोणाला आनंद झालाय आणि कोणाचं डोकं आपटलंय, हे ओळखणं कठीण जायचं.

मग उजेडाचं काय, असं तुमच्यातला एखादा शहाणा विचारेलच. उजेडासाठी काजवे-खातं होतं. निम्मे काजवे रजेवर असत. उरलेले लुकलुकत, तेही हजेरीपुरते. सदा सर्वकाळ सारखाच अंधुक उजेड. लोकांना तोच बरा वाटे, कारण दुसरा कोणी पाहिलाच नव्हता.

या जंगलात धुरपदाबाई नावाची अस्वलीण राहत होती. भात कांडून ती आपलं आणि लेकीचं पोट भरायची. बाई कष्टाळू, पण मुसळ उचललं की ते आभाळाला लागायचं. धप्प!

आणि तिथली रीत अशी, की आभाळाला काही लागलं तर हातातलं काम खाली ठेवायचं, आभाळाला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, "चुकलं हो, आभाळोबा." आपण नाही का कोणाला पाय लागला की नमस्कार करत? तसंच ते. धुरपदाबाई एक घाव घाली आणि एक नमस्कार करी. पुण्य रगड साठलं होतं, तांदूळ काही साठत नव्हते.

शेवटी तिने सिंहमहाराजांकडे अर्ज केला, की आभाळ जरा वर सरकवून मिळावं.

महाराजांनी ताबडतोब समिती नेमली. अध्यक्ष झाले बगळोजीराव. ते तासन्‌तास डोळे मिटून एका पायावर उभे राहत, म्हणून ते विचार करतात असा सर्वांचा समज होता. बारा वर्षांनी अहवाल आला. 'आभाळाची उंची योग्य आहे. मुसळ आखूड करावे.'

धुरपदाबाईने मुसळ आखूड केलं. भात कांडला जाईना. तिने पुन्हा अर्ज केला.

दुसरा अहवाल आला, 'बसून कांडावे.' तिसरा आला, 'भात सालासकट खावा. सालात सत्त्व असते.' म्हणजे इतक्या वर्षांचं मुसळ केरात!

अशात धुरपदाबाईच्या लेकीचं, येसूचं लग्न ठरलं. वऱ्हाड दुसऱ्या दिवशी यायचं होतं आणि पोतंभर भात कांडायचा बाकी होता. लेकीला द्यायला तिच्याकडे तीनच वस्तू होत्या. एक पितळी परात, एक शिंगाची फणी आणि एक पांढऱ्या मण्यांची माळ. तिन्ही तिला तिच्या आईने दिलेल्या. परात तिने चिंचेने घासून लखलखीत केली होती. कांडताना धक्का लागू नये म्हणून तिने तिन्ही वस्तू आभाळाला टांगल्या, नवं लांब मुसळ घेतलं आणि कांडायला उभी राहिली.

धप्प. "चुकलं हो, आभाळोबा."

धप्प. "चुकलं हो, आभाळोबा."

"आई," येसू म्हणाली, "अशानं माझी नातवंडं जेवायला बसतील, तेव्हा कुठं भात शिजंल."

धुरपदाबाईला राग आला. असा राग तिला जन्मात आला नव्हता. पोरीच्या लग्नात पाहुणे उपाशी उठणार, आणि आपण इथे नमस्कार घालतोय!

"चुकलं ते चुकलं," ती म्हणाली, "पण दरवेळी माझंच कसं चुकतंय रे, मुडद्या?"

आणि तिने सगळं बळ लावून मुसळ वर हाणलं.

आभाळ कळवळलं आणि वर गेलं. आणखी वर गेलं. झाडांच्या, डोंगरांच्या वर जाऊन थांबलं. जाताना परात, फणी आणि माळ घेऊन गेलं. झटक्याने माळ तुटली आणि मणी सगळीकडे विखुरले.

परात झळकली. पहिल्यांदाच जंगलात लख्ख ऊन पडलं.

"कोणी केलं हे?" बगळोजीराव ओरडले. सगळ्यांनी एकजात धुरपदाबाईकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात सिंहमहाराज जन्मात पहिल्यांदा ताठ उभे राहिले. त्यांनी आळस दिला. आयाळ झटकली. "वा!" ते म्हणाले. "फार बरं वाटलं. कोणी केलं म्हणता हे?"

"समितीने, महाराज," बगळोजीराव म्हणाले. "चौथ्या अहवालाची अंमलबजावणी आहे."

चौथा अहवाल कोणी पाहिला नव्हता. पण पाहायला उजेड तरी आत्ताच झाला होता, म्हणून कोणी बोललं नाही. संध्याकाळी बगळोजीरावांचा जाहीर सत्कार झाला. त्यांचं उखळ पांढरं झालं. त्याच मंडपात धुरपदाबाईला नोटीस मिळाली, सार्वजनिक आभाळात खासगी वस्तू टांगून अतिक्रमण केल्याबद्दल.

"मग काढून द्या की खाली," ती म्हणाली. "लेकीच्या आहेत."

"आता त्या प्रकाशयोजनेत समाविष्ट आहेत," बगळोजीराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

परात गोलच. ती घरंगळत डोंगरामागे गेली. मग वर फणी दिसू लागली, आणि तिच्याभोवती मणी. सगळं जंगल माना वर करून बघत राहिलं. एकट्या धुरपदाबाईने मान खाली घातली. आईच्या आठवणीने तिला रडू आवरेना.

येसू शेजारी येऊन बसली. "आई, उद्या वऱ्हाड आलं आन् विचारलं, आईनं काय दिलं, तर मी वर बोट दाखवीन. एवढं कुणाच्या आईनं दिलंय?"

धुरपदाबाई डोळे पुसून हसली. मग उठली आणि पोतंभर भात एका दमात कांडला. एकही नमस्कार न करता. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड पोटभर जेवलं आणि लग्न थाटात लागलं.

फक्त नवरीचे केस तेवढे विंचरायचे राहून गेले. फणीसाठी धुरपदाबाईने अर्ज केला होता. त्यावर समिती बसली. ती अजून बसली आहे. काजवे-खातंही अजून चालू आहे, कारण जागा मंजूर आहेत. आणि अस्वलांचे केस बघा, आजही तसेच पिंजारलेले असतात.

तात्पर्य : मुलांनो, आभाळाला मुसळ कधीही मारू नये. अर्ज करावा, नमस्कार करावा आणि भात सालासकट खावा. अगदीच राहवलं नाही, तर मारावं. पण आधी फणी डोक्यात खोचून घ्यावी.