टिल्लूकाकांनी पास केलेली टोपी

टिल्लूकाका समोर आलेल्या माणसाकडे आधी बघत नसत. आधी त्याच्या शर्टाकडे बघत. खिशातून एक छोटंसं, घडीचं पितळी भिंग काढत, शर्टाची बाही चिमटीत धरत, एका इंचात किती धागे आहेत ते मोजत, आणि मग मान वर करून विचारत, "हं, बोल. काय म्हणून राहिला होतास?"

माझ्या लग्नात त्यांनी अंतरपाट मोजला. भटजींचं दुसरं मंगलाष्टक चालू होतं. मी हार घेऊन उभा, आणि डावीकडून एक पितळी भिंग हळूहळू अंतरपाटाला येऊन चिकटलं. भटजी थांबले. काकांनी मोजणी पूर्ण केली, भिंग मिटलं आणि म्हणाले, "वीण एकसारखी आहे. होऊ द्या." आमचं लग्न काकांच्या मंजुरीनं लागलं, असं माझी बायको वृंदा अजून सांगते.

इंदूरच्या हिंदी लोकांना टिल्लू हे आडनाव ऐकलं की समोरून कुणीतरी बुटकं येईल असं वाटायचं. यायचे सहा फुटी काका. अंगानं काटक, पाठ ताठ, आणि मे महिन्यातसुद्धा गळ्याचं बटण लावलेलं. रामबागेत त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीचं. कापडाच्या मिलमध्ये ते तपासनीस होते. टेबलावरून कापड सरकत जायचं आणि काका त्यात दोष शोधायचे. निर्दोष कापडावर शिक्का 'पास'. दोष असला तर 'सेकंड'. अठ्ठावीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांच्यासाठी जगात तिसरा प्रकार उरला नव्हता. सराफा बाजारात रात्री मिळणारा भुट्ट्याचा कीस पास. महापालिकेचे नळ सेकंड. माझा मेहुणा सेकंड, कारण तो प्रत्येक गोष्टीला "बघू" म्हणतो.

त्यांचं दुसरं तत्त्व म्हणजे "आधी पाणी दाखवा." कोरं कापड पाण्यातून निघाल्याशिवाय खरं बोलत नाही, असं ते म्हणत. बनियनसुद्धा तीन दिवस बादलीत राहून आल्यावरच अंगावर चढायचं. आमच्याकडे रंगीत टीव्ही आला तेव्हा काका बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "याला पाणी दाखवता येत नाही, हीच पंचाईत आहे."

मग मिल बंद झाली. त्या काही वर्षांत शहरातल्या मिल्स एकामागून एक बंद होत गेल्या, तशी हीही. पेपरात रोज यायचं की देशानं आपली दारं उघडली आहेत. काका एकदाच म्हणाले, "दारं उघडली असतील भिया, आमचं फाटक तेवढं लागलं." काही दिवस ते गल्लीत वाळत घातलेल्या चादरी तपासत हिंडले. एका बाईनं आरडाओरडा केल्यावर तेही थांबलं.

सुमनकाकूंनी साड्यांना फॉल लावायचं काम घेतलं. घर त्यावर चालू लागलं. सकाळी काका दारातल्या उजेडात साडीवर दोऱ्याची रिळं धरून रंग जुळवत बसत. मोरपिशी साडीसाठी त्यांनी एकदा सात रिळं परत केली. काकू म्हणत, "अहो, फॉल आतून असतो, कोण बघणार?" काका म्हणत, "मी बघून राहिलो ना."

काकू म्हणजे ठेंगणी, हसरी बाई. तिला एकच दुखणं, उन्हाचं. दहा मिनिटं दुपारचं ऊन लागलं की अर्धशिशी उठायची, आणि मग दोन दिवस दारं-खिडक्या लावून अंधारात पडून राहावं लागायचं. त्यामुळे मांडूला जाऊन तिनं धर्मशाळेचं छत बघितलं होतं. ओंकारेश्वरलाही छतच.

त्यांची मुलगी मीना कॉम्प्युटर शिकली आणि लग्न होऊन सिंगापूरला गेली. एका मार्चमध्ये तिचं पत्र आलं. मेच्या शेवटी दोघांनी यायचं, तिनं जहाजाची चार दिवसांची सहल ठरवली आहे, जहाजावर सगळं असतं, फक्त ऊन फार, टोपी आणा.

काकूनं पत्र मोठ्यानं वाचलं आणि घडी घातली. "तुम्ही जाऊन या. मी तिथे जाऊन खोलीतच पडणार, तर इथली खोली काय वाईट आहे?"

काका म्हणाले, "उन्हाची व्यवस्था मी करतो."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. माझा शर्ट तपासला आणि म्हणाले, "तुझी स्कूटर लागेल. टोपीचं काम आहे."

पहिली टोपी आमच्या इंदूरच्या लालबागच्या जत्रेतली. गवताची, रुंद, दिसायला झकास. काकांनी ती गच्चीवर उन्हात वर्तमानपत्रावर धरली आणि खाली पडलेले उजेडाचे ठिपके मोजले. एकशे बारा. "ही टोपी नाही, चाळणी आहे. सेकंड."

दुसरी एका निवृत्त जंगल अधिकाऱ्याकडून मागून आणलेली जुनी हॅट, डब्यासारखी कडक. सावली उत्तम. पण काकूनं ती घातली आणि तिची हनुवटी गळ्याला टेकली. "मान राहिली तर डोकं दुखेल ना," असं काकू आतून म्हणाली. हॅट परत गेली.

तिसरीसाठी आम्ही नव्यानंच उघडलेल्या काचेच्या दुकानात गेलो. आत गारवा होता आणि टाय लावलेला विक्रेता होता. त्यानं एक फिकट निळी टोपी अलगद काढून ठेवली.

"सर, इम्पोर्टेड है."

काकांनी भिंग लावलं. विक्रेता बघत राहिला. त्याला वाटलं असावं, सरकारी तपासणी आहे.

"कपड़ा ठीक है," काका म्हणाले. "एक बाल्टी पानी मिलेगा?"

"पीने का, सर?"

"नहीं, टोपी का. आधा घंटा भिगोएँगे. रंग नहीं छोड़ा तो अपन ले लेंगे."

विक्रेत्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं आम्हाला दारापर्यंत सोडलं. तो काचेचा दरवाजा आमच्यामागे आपोआप बंद झाला, आणि काकांनी वळून त्याच्याकडेही जरा वेळ बघितलं. "दरवाजा पास," ते म्हणाले.

एप्रिलमध्ये गच्चीवरच्या चाचण्या सुरू झाल्या. काका चार मडकी पालथी घालायचे, प्रत्येकावर लोण्याचा गोळा ठेवायचे, त्यावर मागून आणलेली एकेक टोपी. मग मनगटावरच्या घड्याळात बघत बसायचे. क्रिकेटच्या पंचाच्या टोपीखालचं लोणी अकरा मिनिटांत वाहिलं. दुसऱ्या एका टोपीखालचं कावळ्यानं नेलं, त्याची नोंद काकांनी केली नाही. खालून काकू विचारायची, "अहो, लोणी कुठंय?" काका वरून सांगायचे, "चाचणीत आहे."

मग त्यांच्या लक्षात आलं की समुद्रावर ऊन फक्त वरून येत नाही. पाण्यावर आपटून खालूनही येतं. त्यांनी आमच्या आणि त्यांच्या घरातली स्टीलची सगळी ताटं गच्चीवर पसरली आणि मधोमध टोपी घालून, डोळे किलकिले करून उभे राहिले. गल्ली जमा झाली. कुणीतरी ओरडलं, "टिल्लूजी, ये क्या कर रिये हो?"

"समंदर में खड़ा हूँ," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. वृंदानं मात्र संध्याकाळपर्यंत आमची ताटं मोजून परत आणली.

या चाचणीतून निष्कर्ष निघाला की विकत मिळणारी प्रत्येक टोपी सेकंड आहे. तेव्हा काकांनी टोपी करवून घ्यायची ठरवली. त्यांच्या मिलमधले रामदीनजी, पूर्वी मागावर होते, आता राजवाड्याजवळ फुटपाथवर शिलाई मशीन घेऊन बसत. काका त्यांच्यापुढे उकिडवे बसले आणि सांगू लागले. वरून पांढरं सुती, बारीक विणीचं, दुहेरी. कडा पुढे सहा बोटं, मागे मानेवर आठ. कडेच्या आतल्या बाजूला गडद हिरवं, म्हणजे खालून आलेली तिरीप तिथेच जिरेल. हनुवटीखाली बांधायला बंद.

रामदीनजींनी सगळं ऐकून घेतलं. "बाबूजी, या टोपी है के तंबू?"

"तंबू समझो. पर एक जने का."

त्या दिवशी दोघं पहिल्यांदाच हसले. रामदीनजींनी टोपी तीनदा उसवून चौथ्यांदा शिवली. ती तीन दिवस बादलीत राहिली. लोणी तिच्याखाली अर्धा तास टिकलं. उरली वाऱ्याची परीक्षा.

ती परीक्षा माझ्या स्कूटरवर झाली. शहराबाहेरच्या रुंद रस्त्यावर मी गाडी पळवली. मागे काका, ताठ, हनुवटीखाली बंद बांधून. कडा फडफडून माझ्या कानांवर बसत होत्या. चौकातल्या पोलिसानं शिट्टी मारली.

"ये क्या चल रिया है?"

"टेस्टिंग," काका म्हणाले.

"काहे की?"

"समंदर की हवा की."

पोलिसानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. दोन्हीकडे सोयाबीनची रिकामी शेतं होती. "भिया, समंदर तो इधर नी है."

"इसीलिए तो स्कूटर है," काका म्हणाले.

पोलिसानं जायची खूण केली.

टोपी पास झाली. घरी येऊन काकांनी ती काकूच्या डोक्यावर ठेवली आणि आम्हाला बोलावलं. काकू आरशात बघत होती. "मी कशी दिसते?"

"मानेवर सावली पडून राहिली आहे," काका म्हणाले.

"ते नाही विचारलं. लोक हसतील हो. या वयात मी कधी पदराशिवाय डोक्यावर काही घेतलं नाही."

"तिथे कोण ओळखतं आपल्याला?"

"हसायला ओळख कुठे लागते?" काकू म्हणाली. आणि टोपी काढून तिनं बॅगेत अगदी तळाला ठेवली. मला तेव्हाच थोडी शंका आली.

महिन्यानं दोघं परत आली. मी स्टेशनवर गेलो होतो. ते डब्यातून उतरताच मी विचारलं, "काका, टोपी?"

"पास," ते म्हणाले, आणि हमालाशी बोलू लागले. एवढ्या खटाटोपाचा हा एवढाच अहवाल.

बाकीचं काकूकडून कळलं. आठवड्यानं ती वृंदाकडे फॉलची साडी द्यायला आली होती. मी पेपर वाचत होतो. वृंदानं जहाजाचं विचारलं, तशी काकू खुर्चीवर नीट बसली.

"पहिला दिवस मी खोलीतच काढला. पडदा लावून. टोपी बॅगेतून काढलीच नाही. मीना चिडली, म्हणाली, आई, बाबांनी दोन महिने घालवले. मी म्हटलं, डोकं दुखतंय. खोटंच. हेही माझ्याजवळ बसून राहिले. मी म्हटलं, तुम्ही तरी वर जा. तर म्हणाले, इथे ठीक आहे.

"दुसऱ्या दिवशी टोपी घालून वरच्या दारापर्यंत गेले मी. बाहेर बघते तर काय, सगळे कसे छान छान कपड्यांत. आणि मी नऊवारी नाही एवढंच, बाकी फॉलची साडी आणि डोक्यावर हा तंबू. माझे पायच उचलेनात. फिरले मागे. हे मागोमाग आले. मला खोलीत सोडलं आणि निघून गेले. मला वाटलं, रागावले. रागावणारच ना गं.

"अर्ध्या तासानं दार वाजलं. उघडते तर हे उभे. डोक्यावर जहाजाच्या दुकानातली बायकांची टोपी. गुलाबी. एवढी मोठी, आणि बाजूला कापडाचं फूल. गळ्याचं बटण लावलेलं."

वृंदाला हसू आवरेना. काकू हसली नाही.

"मला म्हणाले, चल, आता तुझ्याकडे कोण बघतंय?"

मी पेपर खाली ठेवला होता.

"मग गेलो आम्ही," काकू म्हणाली. "लोक हसले की. दोघा-तिघांनी तर यांचे फोटो काढले. हे आपले काठीसारखे बसून. माझ्याकडे खरंच कुणी बघितलं नाही. राहिलेले सगळे दिवस मी वर होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मासे उडतात गं समुद्रात, पाण्यातून निघून हवेत, तुला माहितीये? एवढंसंही दुखलं नाही डोकं." तिनं मांडीवरची साडी नीट केली. "जहाज वळलं की ऊन फिरायचं. हे उठून माझी खुर्ची फिरवायचे, आणि पुन्हा माझ्यासमोर बसायचे. समुद्राकडे पाठ करून. कपाळावर सावली राहते की नाही ते बघत."

साडी देऊन काकू गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात बसून रिळं जुळवत होते. हिरव्या साडीवर एक रीळ धरलं, काढलं, दुसरं धरलं. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. बायकांच्या टोपीचं विचारायची काही हिंमत झाली नाही. म्हणून विचारलं, "काका, समुद्र कसा होता?"

काकांनी रीळ उजेडात धरलं.

"चांगला होता, असं ही सांगते," ते म्हणाले.